मुलांना कुठलं आलंय बी.पी.!

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तसला नव्हे. डॉक्टर दंडाला कापडी पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात आणि रक्तदाब मोजतात, तो. त्यातही मी खास लहान मुलांसाठीचा. माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'चाइल्ड' असं छापलेलं होतं. आता त्यातली निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत. ती काम करून पुसली गेली असती, तर मला अभिमान वाटला असता. ती कपाटाच्या मुठींना घासून पुसली गेली. कशी, ते सांगतो. सांगता सांगता माझा आवाज चढला, तर घाबरू नका. माझा राग तुमच्यावर नाही.

माझा जन्म चेन्नईकडच्या एका कारखान्यात झाला. निळं जाड कापड, आत रबराची चपटी पिशवी, पिशवीला दोन नळ्या आणि टोकाला खरखरीत चिकटपट्टी. आम्ही तीन भाऊ एकाच खोक्यात भरले गेलो. थोरला जाड दंडाच्या माणसांसाठी, मधला साधारण माणसांसाठी आणि धाकटा मी. आमच्या जातीला एक नियम असतो. ज्याचा दंड, त्याच्या मापाचा पट्टा. दंड बारीक आणि पट्टा मोठा असेल, तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पट्टा लहान पडला, तर जास्त दिसतो. म्हणून तर तीन भाऊ करायचे. नाहीतर एकानंच भागलं असतं.

खोकं आलं ते हुबळीत, जुन्या हुबळीतल्या एका अरुंद गल्लीतल्या दवाखान्यात. डॉक्टर गुरुप्रसाद यांचा तो दवाखाना. माणूस मनानं चांगला, हे मी आधीच सांगून टाकतो. हाताला गुण होता, बोलणं गोड होतं, कलघटगीपासून लोक बस धरून त्यांच्याकडे येत. पण बाहेर गर्दी फार आणि हात फार घाईचा. रोग्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांच्या तोंडून एक कानडी वाक्य निघायचं, "एनू इल्ल, एनू इल्ल!" म्हणजे काही नाही, काही झालेलं नाही. लोकांना ते ऐकूनच बरं वाटायचं.

त्यांनी खोकं उघडलं. थोरल्याला आणि मधल्याला टेबलावर ठेवलं. मला उचलून ते मोठ्यानं हसले.

"अनुसयाक्का, हे बघा! बाहुलीचा पट्टा! मुलांना कुठलं आलंय बी.पी.! ठेवा कुठंतरी."

अनुसयाक्का म्हणजे तिथल्या जुन्या नर्स. त्यांनी मला कुठंतरी ठेवलं. पुढे औषधाच्या कपाटाची कडी मोडली आणि दार सारखं उघडायला लागलं. सुतळी सापडेना. मग मी सापडलो. त्यांनी मला दाराच्या दोन्ही मुठींमधून ओवून चिकटपट्टी घट्ट लावून टाकली. दार बंद राहिलं. डॉक्टर म्हणाले, "व्वा, अक्का! शेवटी काहीतरी उपयोग झाला की याचा."

मित्रांनो, अशी मी माझी उमेदीची वर्षं काढली. तपासणीच्या खोलीतच, डॉक्टरांच्या खुर्चीमागे, कपाटाचं दार धरून. समोरच्या स्टुलावर मुलं बसत, रडत, जीभ दाखवत, सुई टोचून घेत. त्यांच्या दंडाला मी एकदाही लागलो नाही. दाराची राखण करायला कुणीही चालला असता. मुलांचा दाब मोजायला त्या दवाखान्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

एक दिवस त्या स्टुलावर वेदश्री बसली. नऊ वर्षांची, अंगानं काटकुळी, डोळे मोठे. तिच्या अप्पांचं, म्हणजे वडील चेतनअण्णांचं, दुर्गदबैलाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. बरोबर तिची आई स्नेहा आली होती.

"डॉक्टर, हिचे पाय दुखतात," स्नेहा म्हणाली. "पळायला लागली की लगेच बसते. जिना चढली तरी पोटऱ्या धरते. डोकंही दुखतं म्हणते. आणि बघा की, हिचे हात गरम असतात आणि पाय सदा गार. उन्हाळ्यात सुद्धा."

"अनवाणी हिंडत असेल फरशीवर," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फ्रॉकवरूनच छातीला नळी लावली आणि लगेच काढली. "एनू इल्ल. वाढतं वय आहे, वहिनी. या वयात पाय दुखतातच. कॅल्शियम देतो. आणि पळवा तिला चांगली. आळस आहे, दुसरं काही नाही."

वेदश्रीनं मान खाली घातली. "अप्पा पण तेच म्हणतात," ती हळूच म्हणाली.

माझ्या अंगातली रबराची पिशवी हवा नसतानाही फुगल्यासारखी झाली. त्या आईनं सगळं सांगितलं होतं! हात गरम, पाय गार. पळालं की पोटऱ्या दुखतात. डोकं दुखतं. वरच्या अंगात रक्ताचा जोर जास्त आणि खालच्या अंगात कमी, हेच ती तिच्या साध्या शब्दांत सांगत होती. एक हात मनगटावर आणि एक हात पायाच्या नाडीवर ठेवला असता, तर तिथल्या तिथे कळलं असतं. मला सोडवून एकदा हाताला आणि एकदा पायाला बांधलं असतं, तर यंत्राच्या काट्यानं बोलून दाखवलं असतं. पण मी कपाटाचं दार धरून होतो, आणि बाहेर पुढच्या रोग्याचं नाव पुकारलं गेलं होतं.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली, ती नाकाला रक्तानं भिजलेला रुमाल धरून. शाळेत खेळाचा तास होता. ती पळता पळता खाली बसली, तर सरांनी तिला 'नाटकी' म्हणून आणखी फेऱ्या मारायला लावल्या. तेव्हा नाकाचा घोळणा फुटला.

"मीच सरांना सांगितलं होतं, पळवा म्हणून," स्नेहा म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता ना, डॉक्टर? आता जरा नीट बघा. हिचं बी.पी. तरी बघा. माझ्या आईला बी.पी. वाढलं की असंच रक्त यायचं."

"मुलांना कुठलं आलंय बी.पी.!" डॉक्टर हसले. पण ती स्टुलापासून हलेना, म्हणून त्यांनी टेबलावरचा पट्टा उचलला. कुठला? माझा मधला भाऊ! मोठ्या माणसांचा! वेदश्रीच्या काटकुळ्या दंडावर तो कोपरापासून काखेपर्यंत पसरला आणि दोन वेढे बसून वर उरला. डॉक्टरांनी फुगा दाबला, काटा पाहिला. "थोडं वर आहे, पण रडलीय ना, म्हणून. नॉर्मलच म्हणायचं."

माझा भाऊ बिचारा काय करणार? त्याला मोठ्या दंडाचं माप दिलं आहे. त्याच्यातूनही काटा थोडा वर दिसला, म्हणजे खरा दाब किती असेल! मी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर होतो. मला वाचा असती, तर मी ओरडलो असतो. मला वाचा नव्हती. पण डॉक्टरांना डोळे होते ना? माझ्यावर ती अक्षरं शोभेला छापली होती का?

त्यानंतर दवाखान्यात एक नवीन डॉक्टर यायला लागल्या. डॉक्टर सावनी. धारवाडच्या, नुकत्याच बालरोगतज्ज्ञ झालेल्या. गुरुप्रसादांनीच त्यांना आठवड्यातून काही दिवस मुलांना तपासायला बोलावलं होतं. पहिल्याच आठवड्यात वेदश्रीला ताप आला आणि स्नेहा तिला त्यांच्याकडे घेऊन आली.

सावनीबाईंनी तापाचं विचारलं, मग उगाच वाटावं असं बाकीचंही विचारत बसल्या. वेदश्रीला फ्रॉकची बटणं काढायला लावून छाती ऐकली. मग तिला वळवून पाठ ऐकली, डाव्या खांद्याच्या फऱ्याजवळ. तिथे त्या फार वेळ थांबल्या. मग तिला झोपवून त्यांनी एका हातानं तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं जांघेत ठेवली. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"अनुसयाक्का, लहान मुलांचा बी.पी.चा पट्टा कुठंय?"

"आहे की," अक्का गडबडल्या. "म्हणजे होता. काय की..."

सावनीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. त्या उठल्या आणि त्यांनी कर्रकन माझी चिकटपट्टी उघडली. दार धाडकन उघडलं, बँडेजच्या गुंडाळ्या घरंगळत खाली आल्या. कुणी त्या उचलल्या नाहीत. कापसानं पुसून त्यांनी मला यंत्राला जोडलं आणि वेदश्रीच्या उजव्या दंडाला बांधलं.

मित्रांनो, तो दंड माझ्या मापाचा होता! पण मला आनंद करायला सवड मिळाली नाही. हवा भरली, सुटू लागली, आणि आतल्या नसेनं मला असा धक्का दिला की काटा भलत्याच वर थरथरला. मोठ्या माणसाला असता तरी डॉक्टर काळजीत पडले असते, इतक्या वर. त्यांनी तिला शांत पडू दिलं आणि पुन्हा मोजलं. तेच. मग मला पोटरीला बांधलं. तिथे नाडीचा ठोका शोधावा लागला. काटा पार खाली आला तेव्हा कुठे एक क्षीण ठोका लागला. पायातला दाब हाताएवढा किंवा त्याहून जरा जास्त असतो. इथे सगळं उलटं होतं.

सावनीबाईंनी गुरुप्रसादांना आत बोलावलं. त्यांनी आकडे ऐकले, मग मला पाहिलं.

"हा पट्टा? अहो, हा दार बांधायला होता की इतकी वर्षं! याच्यावर विसंबून चांगल्या घरच्या पोरीला हार्ट पेशंट करणार तुम्ही? खोटं सांगतोय तो. मी बघितलंय तिचं बी.पी., नॉर्मल आहे."

खोटं सांगतोय! मी! ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पहिलंच वाक्य खरं बोलला, त्याला खोटारडा ठरवलं. मला दाराला बांधलं कुणी? नळ्या धुळीनं भरल्या त्या कुणामुळे?

सावनीबाई भांडल्या नाहीत. बाहेर खोकल्यासाठी आलेला एक मुलगा वेदश्रीच्याच अंगलटीचा होता. त्याच्या आईला विचारून त्यांनी त्याला आत आणलं आणि मला त्याच्या दंडाला, मग पोटरीला बांधलं. काटा जिथे असायला हवा, तिथेच राहिला. दोन्हीकडे.

"पट्टा खोटा असता, सर, तर याच्याकडेही खोटंच बोलला असता," त्या म्हणाल्या. "पण पट्टा राहू दे बाजूला. तुमचा हात तर खोटा नाही ना? एक हात मनगटावर ठेवा, एक जांघेत."

गुरुप्रसाद वाकले. उजव्या हातानं त्यांनी वेदश्रीचं मनगट धरलं. डाव्या हाताची बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली, दाबली. ते सरळ उभे राहिले तेव्हा त्यांच्या ओठांवर ते नेहमीचं कानडी वाक्य नव्हतं.

"एको करून घ्या," ते म्हणाले. "आजच."

हृदयाचा फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी स्नेहा, चेतनअण्णा आणि आजोबा नागोजी, तिघंही सावनीबाईंसमोर बसले.

"हृदयाच्या डाव्या बाजूतून एक मोठी नळी निघते," बाईंनी सांगितलं. "सगळ्या अंगाला तीच रक्त पोचवते. हिच्या त्या नळीला जन्मापासून एका जागी चिमटा बसलाय. बागेत पाणी सोडलंय आणि नळीवर कुणी पाय ठेवलाय, असं समजा. पायाच्या अलीकडे नळी फुगते, पलीकडे थेंब थेंब जातं. डोक्याला, हातांना जोर जास्त, पायांना कमी. शिवाय त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, हिला दोनच आहेत. त्याचं आज काही करायचं नाही, पण जन्मभर लक्ष ठेवायचं. तो चिमटा मात्र काढायला हवा. हृदय त्याच्यावर जोर लावून लावून दमतंय. असंच राहिलं, तर एखाद्या दिवशी डोक्यातली नस फुटू शकते."

नागोजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ऑपरेशन म्हणजे छातीला टाके?" त्यांनी विचारलं.

"डाव्या कुशीला, पाठीकडून."

"मुलीची जात आहे, बाई. उद्या लग्न ठरवताना काय सांगायचं? हुबळीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. सध्या गोळ्या द्या. हिंडतेय, फिरतेय, शाळेला जातेय. पुढच्या वर्षी बघू की."

मला वाटलं, माझ्या नळ्या तटातट तुटतील. ज्या मुलीला सगळ्यांनी आळशी म्हटलं, तिचं खरं दुखणं सापडलं, तर आता ते लपवायचं? पण मला बोलावं लागलं नाही. स्नेहा इतके दिवस सासऱ्यांसमोर मान वर करून बोलली नव्हती. ती बोलली.

"मामंजी, लग्नाचं नंतर बघू. आधी पोरगी जगू दे. ती पाय दुखतात म्हणाली, आपण सगळ्यांनी तिला पळवलं. आता तुम्ही कुणाला सांगा, नका सांगू. मी सांगणार. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार, तुमच्या पोराचं बी.पी. बघून घ्या म्हणून."

चेतनअण्णांनी डोळे पुसले. "अप्पा," ते वडिलांना म्हणाले, "तारीख घेतो मी." नागोजींनी टोपी डोक्यावर घातली आणि विचारलं, "रक्त लागेल का? माझं चालेल?"

ऑपरेशन मोठ्या इस्पितळात झालं. मी तिथे नव्हतो, पण स्नेहानं नंतर अनुसयाक्कांना सगळं सांगितलं ते मी ऐकलं. नळीचा चिमटलेला तुकडा कापून दोन टोकं जोडली. वेदश्री शुद्धीवर आली तेव्हा आईनं पांघरुणाखाली हात घालून तिचे पाय धरले. ते गरम होते. "बाळंतपणात सुद्धा मी एवढी रडले नाही, अक्का," स्नेहा म्हणाली.

टाके सुकल्यावर ती दवाखान्यात आली. दाब अजून थोडा चढाच होता. गोळ्या चालू होत्या. एवढी वर्षं जोर लावलेलं हृदय एका दिवसात शांत होत नाही, आणि उशीर झाला की कधी कधी तो दाब कायमचाच मागे राहतो. त्या दिवशी सावनीबाई नव्हत्या. गुरुप्रसादांनीच मला घेतलं. स्वतःच्या हातानं वेदश्रीच्या दंडाला बांधलं, मग खाली बसून पोटरीला बांधलं. दोन्ही आकडे जवळजवळ आले. ते तसेच खाली बसून राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "मी तेव्हाच बघायला हवं होतं. चुकलं माझं."

स्नेहा पटकन वितळली नाही. मला ते आवडलं.

"मला नका सांगू, डॉक्टर," ती म्हणाली. "आळशी तुम्ही मला म्हणाला नव्हता."

पांढऱ्या केसांचा तो माणूस नऊ वर्षांच्या मुलीकडे वळला. त्यांना शब्द सापडेनात. गावभर ज्यांचं बोलणं गोड म्हणून गाजलेलं, त्यांना!

"वेदू," अखेर ते म्हणाले, "तू आळशी नव्हतीस. तुझे पाय खरंच दुखत होते. तू खरं सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. मला माफ कर."

वेदश्रीनं विचारलं, "हे अप्पांना पण सांगाल? आणि शाळेतल्या सरांना?"

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी तिच्यासमोरच शाळेला फोन लावला.

मित्रांनो, आता मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असतो. दवाखान्यात येणाऱ्या मुलांच्या दंडाला लागतो. कपाटाला नवी कडी बसली आहे. तुम्हाला वाटेल, आता याचा राग गेला असेल. नाही गेला! या एका गावात किती टेबलांच्या खणांत माझे भाऊबंद वेष्टनातच पडून असतील? किती बारीक दंडांवर अजून मोठ्यांचा पट्टा गुंडाळून 'नॉर्मल' म्हणत असतील? वेदश्रीचं दुखणं जन्मापासूनचं होतं. पाळण्यात असतानाच तिच्या पायाची नाडी कुणी चाचपली असती, तर ते तेव्हाच सापडलं असतं. त्याला पैसा लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही. दोन बोटं आणि जरासा वेळ लागतो.

मोठ्यांना मी आणखी काय सांगू! त्यांनी ऐकायचं तर आपल्या मुलांचंच ऐकावं. म्हणून तुम्हाला सांगतो. पळताना पाय दुखले, छातीत धडधडलं, डोकं ठणकलं, चक्कर आली, तर सांगा. कुणी नाटकी म्हटलं, तरी पुन्हा सांगा. कुणी आळशी म्हटलं, तर जास्त मोठ्यानं सांगा. दवाखान्यात गेलात की स्वतःहून विचारा, "माझ्या मापाचा पट्टा आहे का?" आणि बाही वर करून दंड पुढे करा. कुणी हसलं तरी तो मागे घेऊ नका.